काबोचा राजवाडा आणि तिसरा खांब

अंत्रुज महालातील एका देवस्थानाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका काही महिन्यांपूर्वी आमच्या हाती आली. कागद गुळगुळीत, छपाई स्वच्छ, देणगीदारांची नावे बिनचूक. पहिल्या पानावर देवाची पालखी होती, ते यथायोग्यच झाले. दुसऱ्या पानावर मात्र पानभर एक जुने छायाचित्र छापले होते : समुद्रात शिरलेल्या भूशिरावर उभा असलेला काबोचा राजवाडा, त्याच्या भोवतीची आखीव बाग, बागेतले माड आणि मागे पाणीच पाणी. खाली ओळ होती, 'चारशे वर्षांपूर्वीचे आमचे वैभव'. आम्ही पुढची पाने चाळली. नव्या सभागृहाची सात चित्रे, नव्या संगमरवरी फरशीची तीन, कंत्राटदाराच्या सत्काराचे एक. जी अग्रशाळा पाडून हे सर्व उभे राहिले, तिचे चित्र एकही नव्हते.

आमचे भांडण आहे ते ह्या एका गोष्टीशी. ते कोणा एका समितीशी नाही, कारण ह्या समितीने केले तेच इतर समित्या करीत आल्या आहेत आणि आम्ही महाजन मंडळी सर्वसाधारण सभेत माना डोलावीत आलो आहोत. म्हणून देवस्थानाचे नाव येथे सांगत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील. आणि ज्यांना आपल्याच देवस्थानाविषयी हे लिहिले आहे असे वाटेल, त्यांचेही फारसे चुकणार नाही.

आधी त्या छायाचित्राची साक्ष घेऊ. आमच्या धंद्यात छायाचित्र हा दस्तऐवज समजला जातो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा २०२४ च्या जुलैपासून नव्या साक्ष अधिनियमाने घेतली, तरी मूळ प्रश्न बदललेला नाही : हे चित्र कोणी काढले, केव्हा काढले, कोठे उभे राहून काढले आणि ते कोणाच्या ताब्यातून आले? स्मरणिकेतील चित्राच्या बाबतीत ह्यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नाही. ज्या प्रतीवरून ते छापले ती समितीच्या कार्यालयात चौकटीत टांगलेली आहे. आम्ही ती उतरवून पाठपोट पाहिली. तिच्यावर ना सालाचा उल्लेख, ना छायाचित्रकाराचे नाव. एका काठीवर निशाण आहे, पण वाऱ्याने ते इतके अस्पष्ट झाले आहे की १९१० पूर्वीच्या राजाचे की त्यानंतरच्या प्रजासत्ताकाचे, हे सांगण्याची सोय नाही. छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये जगापुढे मांडली गेली ती १८३९ साली. तेव्हा चारशे वर्षांपूर्वी काबोच्या टेकडीवर कॅमेरा घेऊन कोण उभे होते, हे स्मरणिकेच्या संपादकांनाच ठाऊक.

बरे, कॅमेरा नव्हता, पण वाडा तर होता ना, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. मांडवी आणि जुवारी ह्या दोन नद्यांच्या मुखांमध्ये जे भूशिर पुढे गेले आहे त्याला पोर्तुगीजांनी 'काबो' म्हटले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथे फ्रान्सिस्कन संन्याशांनी मेरीमातेचे देऊळ आणि मठ बांधला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी तेथे वैभव नव्हते. निदान त्या संन्याशांचे व्रत तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नेपोलियनच्या युद्धांचे निमित्त करून इंग्रजांचे सैन्य गोव्यात येऊन राहिले, त्याचा तळ ह्याच टोकावर होता. त्यांच्यातील मृतांची दफनभूमी दोनापावलला आजही आहे. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली, तेव्हा हा मठही सरकारच्या हाती आला. पुढे तो आर्चबिशपांच्या आणि नंतर गव्हर्नर जनरलांच्या राहण्यासाठी वापरात आला, आणि १९१८ पासून गव्हर्नरांचे कायमचे अधिकृत निवासस्थान झाला. १९६१ च्या १९ डिसेंबरनंतर मालक बदलले. आज तेथे गोव्याचे राज्यपाल राहतात. जुन्या मठाचे देऊळ अजून त्याच आवारात आहे. ज्या वास्तूने मठ, छावणी आणि राजवाडा अशी तीन रूपे घेतली, तिचे एका दुपारचे चित्र घेऊन 'हेच ते मूळ वैभव' असे म्हणणे म्हणजे एखाद्या गृहस्थाचे साठाव्या वर्षीचे चित्र दाखवून 'हा असाच जन्मला' असे सांगण्यासारखे आहे.

आणि 'आमचे' वैभव? 'आमचे' ह्या शब्दावर आम्हांला थांबलेच पाहिजे. त्या बागेत आमच्या आजा-पणजांपैकी कोणी हिंडले असतील तर ते पाणी घालायला, फळे तोडायला, किंवा हातात अर्ज घेऊन. चित्रात अशा माणसांपैकी कोणीही नाही. सज्जाच्या कमानीखाली दोन आकृत्या दिसतात, त्या टोपीवाल्या आहेत. छायाचित्रकाराने माणसांना मुद्दाम दूर केले असे आमचे म्हणणे नाही. इमारतीचे चित्र काढायला सांगितले होते, त्याने इमारतीचे काढले. पण चित्रकाराची पाठ कोठे होती, हेही साक्ष घेणाऱ्याने विचारावे. काबोच्या टोकावरून मांडवीच्या मुखापलीकडे आग्वादचा किल्ला दिसतो. पुढे त्याच किल्ल्याच्या तुरुंगात गोव्याच्या मुक्तीसाठी झगडणारे सत्याग्रही डांबले गेले. १९४६ साली डॉ. त्रिस्तांव ब्रागांस कुन्य ह्यांना आग्वादच्या अंधाऱ्या कोठडीत ठेवून मग पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. डॉ. कुन्य ख्रिस्ती होते, हे मुद्दाम नोंदवतो, कारण हा लेख वाचून कोणी ह्याला धर्माधर्मांतले भांडण समजेल. ते तसे नाही. ज्याच्या हाती सत्ता त्याचे घर चित्रात राहते आणि इतरांची घरे राहत नाहीत, एवढेच आमचे म्हणणे. आणि पुढे जाऊन आम्ही असे म्हणणार आहोत की ह्या बाबतीत सत्तेला दोष देण्याचा आमचा अधिकार आम्ही स्वतःच्या हाताने घालविला आहे.

तत्पूर्वी एका वेगळ्या टोळीचा समाचार घेणे भाग आहे. स्मरणिकेवर आक्षेप घेणारे आम्ही एकटे नव्हतो. काही तरुण महाजनांनी ती चौकट उतरवून फोडावी, गुलामीची निशाणी देवाच्या आवारात नको, असा ठराव आणला होता. आम्ही त्याच्या विरुद्ध बोललो. तो वाडा आज परक्यांचा नाही; तो प्रजासत्ताक भारताच्या एका घटकराज्याच्या प्रमुखाचे घर आहे, आणि त्याचे जुने चित्र हा इतिहासाचा एक तुकडा आहे. इतिहासाचे तुकडे फोडायचे नसतात, वाचायचे असतात. चौकट तेथेच राहो. तिच्या खालची ओळ मात्र खोटी आहे, आणि तिच्या शेजारची भिंत रिकामी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पोर्तुगीज राजवटीने गोव्यात आपले दप्तरखाने १५९५ साली स्थापन केले. इतिहासकार दियोगु दु कौतु हे त्याचे पहिले रक्षक. सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ ते कागद जपले गेले आहेत. आणि त्या कागदांत काय आहे? १५४० साली तिसवाडीतील देवळे पाडली गेली. पुढे १५६० च्या दशकात साष्टी आणि बार्देश येथील देवळांची तीच गत झाली. कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. ही कथा आपल्या घराघरांतून सांगितली जाते. परंतु कोणत्या गावात कोणकोणती देवळे होती, त्यांची किती भाताची खाजने आणि किती भाटे होती, हे आज सविस्तर कळते ते कशावरून? मुख्यतः १५६७ च्या सुमाराच्या फोरालांवरून, म्हणजे देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनी कोणाला द्याव्या ह्यासाठी तयार केलेल्या सरकारी नोंदवह्यांवरून. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या पंडिताने आयुष्यभर त्या दप्तरखान्यात बसून आपला इतिहास वर काढला. पाडणाऱ्याने यादी केली म्हणून आपल्याला आपल्या देवांची जुनी ठिकाणे ठाऊक आहेत!

वाचकांनी क्षणभर येथे थांबावे. परक्याने पाडले तेव्हा निदान नोंद झाली. आपण पाडतो तेव्हा नोंदही होत नाही. हे वाक्य लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही, पण ते आम्ही मागे घेत नाही.

'आपण पाडत नाही, जीर्णोद्धार करतो' असे उत्तर मिळते. शब्दाची फोड करून पाहावी : जे जीर्ण झाले त्याचा उद्धार. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी सांगितला आहे. मूर्तीदेखील भंगली तर तिचे विसर्जन करून नवी प्रतिष्ठापावी अशी मोकळीक शास्त्राने दिलेली आहे. तेव्हा देऊळ बदलूच नये, त्याचे वस्तुसंग्रहालय करावे, असा हट्ट आम्ही धरीत नाही. देऊळ देवाचे राहते घर आहे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात कौले सरकतात, वासे कुजतात, वाळवी लागते, आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायला तीन तालुके हिंडावे लागतात. गळक्या अग्रशाळेत रात्र काढलेले आम्हीही आहोत. समितीवर असलेल्यांच्या डोक्याला किती ताप असतो हे ठाऊक असल्यामुळेच गेली कित्येक वर्षे आम्ही तोंड मिटून बसलो होतो.

पण गळक्या छपराचे उत्तर कौले बदलणे हे आहे; खांब, छत, भिंतीवरची कावी आणि ओसरी ह्या सर्वांसकट इमारत एका आठवड्यात यंत्राने सपाट करणे हे नव्हे. कावी म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावे लागते, इतकी ती दुर्मिळ झाली आहे. चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे लाल मातीचा रंग चढवायचा, तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा चुना दाखवायचा. कोकणपट्टीच्या आणि कारवार-कानडा प्रांतातील देवळांच्या भिंतींवर ह्या रीतीने वेली, पक्षी, देवदेवता उमटविल्या गेल्या. आम्ही सांगतो त्या अग्रशाळेच्या आतल्या ओसरीच्या भिंतीवर अशी एक पट्टी होती. तिच्यावर आधी कोणा यजमानाच्या देणगीतून तैलरंग बसला, त्यानंतर चकचकीत लाद्या बसल्या, आणि शेवटी भिंतच गेली. फणसाच्या लाकडाचे खांब गेले ते कोठे गेले ह्याची पावती नाही. नव्या सभागृहात एकही खांब नाही. काँक्रीटचे छत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग गेले आहे, आणि ह्याचे स्मरणिकेत कौतुक आहे. एका वृद्ध वाजंत्र्याला आम्ही नवी वास्तू कशी वाटते म्हणून विचारले. तो कोंकणीत इतकेच म्हणाला, "खांबे गेले, आवाज गेलो." लाकडी छताखाली घुमणारा पखवाज आता काँक्रीटखाली फुटतो, हे कीर्तन ऐकणाऱ्या कोणालाही पडताळून पाहता येईल.

पूर्वज जीर्णोद्धार करीत नव्हते काय? करीत होते. कवळ्याचे आजचे देऊळ १७३८ च्या सुमारास शाहू महाराजांचे मंत्री नारो राम ह्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ १६६८ साली शिवछत्रपतींनी नव्याने बांधविले, आणि कधी बांधविले हे दारावरच्या शिलालेखात शके १५९० असे कोरून ठेवले. त्याच देवळाची शासनाच्या पुरातत्त्व खात्याने जुने रूप राखून केलेली दुरुस्ती २०२३ साली पुरी झाली. ती पाहून आल्यावर 'जुने राखता येतच नाही' हे म्हणणे कोणी आमच्यापुढे करू नये.

इंदूर, हैदराबाद आणि बेळगावकडील वाचकांना वाटेल, हे गोव्यातल्या मंडळींचे गाऱ्हाणे आहे. त्यांच्याकडे गोष्ट थोडी निराळी घडली. इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढणारे लाला दीनदयाळ १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन ह्यांच्याबरोबर मध्य भारतात फिरले. त्यांनी टिपलेल्या देवळांचा आणि किल्ल्यांचा ग्रंथ १८८६ साली निघाला, आणि पुढे ते हैदराबादला निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. धारवाड आणि म्हैसूरकडील देवळांच्या छायाचित्रांचा मोठा ग्रंथ तर १८६६ सालीच लंडनमध्ये छापला गेला. हे सर्व राज्यकर्त्यांच्या हौसेने झाले, आपल्या हौसेने नव्हे. गोव्यात राज्यकर्त्यांना आपला राजवाडा आणि आपली चर्चे ह्यांची हौस होती. अंत्रुजच्या अग्रशाळेकडे कॅमेरा वळवण्याचे त्यांना काही कारण नव्हते. कारण आपल्याला होते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे तेव्हाच बडोदा, ग्वाल्हेर, मुंबई येथे चांगल्या नोकऱ्यांत होती, त्यांच्या घरी कॅमेरे होते, आणि तरीही देवाच्या आवाराचे एक चित्र काढून दप्तरी ठेवावे हे कोणाला सुचले नाही. त्याचे काय परिणाम होतात ह्याची एक हकीकत सांगतो, कारण ती आमच्या कार्यालयातच घडली.

त्याच देवस्थानात उत्सवाच्या पाचव्या रात्री पालखी अग्रशाळेत येते आणि तेथे तिचे पहिले पेणे होते. त्या पेण्याला नारळ ठेवण्याचा मान एका घराण्याचा, आणि लगेच पुढच्या पेण्याचा मान दुसऱ्याचा. जुन्या कागदांत मानाची जागा 'अग्रशाळेच्या तिसऱ्या खांबापाशी' अशी लिहिलेली आहे. पिढ्यान् पिढ्या त्यात वाद नव्हता, कारण खांब होता. नव्या सभागृहात पहिल्या उत्सवाची पालखी आली आणि तिसरा खांब कोठे, हा प्रश्न उभा राहिला. एक पक्ष म्हणाला, खांब तळीच्या बाजूने मोजायचे. दुसरा म्हणाला, देवळाच्या बाजूने. मोजायला खांब एकही नव्हता. पालखी तासभर खांद्यावर राहिली, भटजींनी हात जोडले, आणि दोन्ही घराण्यांची वडीलधारी माणसे, जी एकमेकांच्या पंक्तीला बसून म्हातारी झाली होती, ती दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वेगवेगळ्या वेळी आली.

आम्ही दोघांनाही सांगितले की आम्ही कोणाचेच वकीलपत्र घेणार नाही, पुरावा तेवढा शोधू. समितीचे दप्तर पाहिले. देवाच्या दागिन्यांची यादी होती, गुंजांपर्यंत तोललेली. जमिनींचे दाखले होते. महाजनांचे कातालग होते. समया आणि घंटा ह्यांची मोजदाद होती. पाडलेल्या अग्रशाळेचा नकाशा नव्हता, मोजमाप नव्हते, चित्र नव्हते. कंत्राटदाराकडे नव्या इमारतीचे चौदा नकाशे होते. जुनीविषयी त्याच्या वहीत एकच नोंद सापडली : 'साईट क्लिअर'. आणि आमच्या डोक्यावर, त्याच कार्यालयाच्या भिंतीवर, काबोच्या वाड्याच्या कमानी एक-एक मोजता येतील इतक्या स्पष्ट टांगलेल्या होत्या. गव्हर्नरसाहेबांच्या सज्जाचा तिसरा खांब कोणता हे आम्ही शपथेवर सांगू शकलो असतो.

शेवटी उलगडा झाला तो बडोद्याहून. तेथील एका महाजन कुटुंबाने पत्रास पत्र देऊन कळविले की त्यांच्या घरातील एक मुंज त्याच अग्रशाळेत लागली होती व तिचे चित्र पेटीत आहे. चित्र आले. पुढे मुंडावळ्या बांधलेला, डोळे मिचकावणारा बटू, शेजारी सोवळ्यातले आजोबा, आणि त्यांच्या मागे, कोणाच्याही मनात नसताना, खांबांची ओळ. तळीकडचे दार डाव्या हाताला उघडे, आणि त्या दारापासून तिसऱ्या खांबाला पालखीच्या दांडीची लोखंडी कडी. भिंतीवर कावीची अर्धी पट्टीही दिसत होती. आम्हांला ठाऊक असलेली तिची ती एकच प्रतिमा. ते चित्र दोन्ही वडीलधाऱ्यांपुढे ठेवले. ज्यांची बाजू पडली त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले, मग कडीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "हीच." दावा झाला नाही. फरशीवर आता तेथे पितळेची एक टिकली बसविली आहे.

एका बटूच्या मुंजीने देवस्थानाची अब्रू वाचविली, हे आम्हांला समाधानाचे वाटत नाही. अशी कडी दर वेळी चित्रात येईलच असे नाही. १९३३ च्या पोर्तुगीज फर्मानाने झालेली देवस्थानांची नियमावली मुक्तीनंतरही लागू राहिली. तिच्याखाली मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो, आणि अंदाजपत्रक, महाजनांची सभा, मौल्यवान वस्तूंची यादी ह्या गोष्टींना तिच्यात स्थान आहे. दागिन्यांची यादी करणाऱ्या समितीला दागिन्यांहून जुन्या भिंतीची यादी करायला कोणता कायदा आड येतो? आमच्या मते कोणताच नाही. सभेपुढे पाडकामाचा ठराव येतो तेव्हा त्याच ठरावात एक वाक्य अधिक घालावे : पाडण्यापूर्वी वास्तूचे मोजमाप करून नकाशा आणि चारी बाजूंची, आतली-बाहेरची छायाचित्रे, तारीख व काढणाऱ्याचे नाव घालून दप्तरी दाखल करावी आणि एक प्रत मामलेदाराकडे द्यावी. कंत्राटाच्या रकमेपुढे हा खर्च दक्षिणेइतकाही नाही. ज्या महाजनाला असे वाक्य नको असेल त्याने सभेत उभे राहून का नको ते सांगावे. आम्ही ऐकायला येऊ.

'देवळात कॅमेरा चालत नाही' हे उत्तर ह्यावर येते, आणि ते बऱ्याच वेळा आळसाचे उत्तर असते. गर्भगृहात चित्र काढू नये हा नियम आम्हांला मान्य आहे, आणि तो मोडणाऱ्याला आम्हीच आधी बाहेर काढू. पण दीपस्तंभ, नगारखाना, तळीच्या पायऱ्या, चौक, अग्रशाळा ह्यांवर असा कोणताही निषेध आम्ही कोठे वाचलेला नाही. शिवाय नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला चार छायाचित्रकार, आकाशात उडणारा एक यंत्रकॅमेरा आणि मंत्र्यांचा ताफा चौकातून फिरला, तेव्हा हा निषेध कोठे गेला होता?

दुसरे उत्तर देणगीदारांचे. देणगी जुन्यासाठी मिळत नाही, नव्यासाठी मिळते. संगमरवरावर नाव कोरता येते, दुरुस्त केलेल्या वाशावर येत नाही. ह्यात तथ्य आहे आणि ते आम्हांला लाजविणारे आहे. परगावी स्थायिक झालेल्या महाजनांकडे त्याचा मोठा वाटा जातो. वर्षातून एकदा जत्रेला यायचे, खोलीत वातानुकूलन नाही म्हणून चिटणीसांना चार शब्द सुनवायचे, मोठी रक्कम देऊन 'काहीतरी भव्य करा' म्हणून जायचे, आणि परत गेल्यावर दिवाणखान्यात काबोच्या वाड्याचे जुने चित्र लावून आपल्या मुलांना 'हे आपले गोवे' म्हणून दाखवायचे. त्या मुलांना जर विचारले की तुझ्या कुळाचा देव जेथे साडेचारशे वर्षे राहिला तेथली ओसरी कशी होती, तर ती काय दाखवतील?

म्हणून ह्या मंडळींना, आणि त्यांत आमचे इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील वाचक आले, आमची एक मागणी आहे. रकमेची नाही. आपापल्या घरातील जुन्या पेट्या उघडाव्या. मुंजी, लग्ने, सत्यनारायण, जत्रेतले गटचित्र, काहीही असो. त्यात पुढे बसलेल्या माणसांच्या मागे काय आहे ते पाहावे. खांब, छत, दिवली, कौलाची कड, तळीचा काठ, जे दिसेल त्याची प्रत करून आपल्या देवस्थानाच्या चिटणीसांकडे धाडावी. पाठीमागे साल आणि कोणाचे कोण हे लिहावे, आणि जागा ओळखता आली तर तीही लिहावी. मूळ चित्र कोणी मागितले तरी देऊ नये, प्रत पुरते. ज्या चिटणीसांना ती कोठे ठेवावी हा प्रश्न पडेल त्यांच्यासाठी, काबोच्या वाड्याच्या चौकटीशेजारी जागा आहे. आम्ही मोजून आलो आहो, दोन हात रुंद.